गणपतीतली हवा आणि शिमग्यातली हवा

गेल्या शिमग्याला भाचा मुंबईहून आला होता. पालखी आमच्या खळ्यात नाचून पुढच्या घराकडे गेली, ढोलांचा आवाज पाखाडीखाली उतरला आणि हा पडवीच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसला. “आत्या, हे बघ. गणपतीत आलो होतो तेव्हा गावाचा आकडा ३८ होता. आज ११२. सहा महिन्यांत हवा एवढी बिघडली?”

मी तालुक्याच्या गावी भूगोल शिकवते. हवेचे आकडे गेली काही वर्षं सवडीने बघत आलेय आणि गावोगावी दोनच वाक्यं ऐकत आलेय. एक, “कोकणात कसलं आलंय प्रदूषण, समोर समुद्र आहे.” दुसरं, “आता काही राहिलं नाही, सगळी हवा खराब झाली.” दोन्ही बोलणाऱ्यांनी एखादाच दिवस पाहिलेला असतो. हवेचा कल, म्हणजे वर्षानुवर्षं ती कुठल्या दिशेने चालली आहे हे, एका दिवसात कळत नाही. कोकणात तर तो पावसाआड लपतो. कसा लपतो ते भाच्याला सांगायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. तेच इथे थोडं विस्ताराने मांडते.

आधी ते ११२ म्हणजे काय ते बघू. हवेत तरंगणाऱ्या कणांपैकी सगळ्यात घातक ते अडीच मायक्रोमीटरहून बारीक असलेले. त्यांना पीएम २.५ म्हणतात. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण ओळीने बसतील. नाकातले केस, घशातला कफ यांना ते दाद देत नाहीत. फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत जातात, आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. दहा मायक्रोमीटरपर्यंतचे सगळे कण धरले की त्याला पीएम १० म्हणतात. त्यात रस्त्याची धूळ बरीच असते. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच अशा पेटीएवढ्या हवेत हे कण किती मायक्रोग्रॅम भरतात, ते मोजायचं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

मोबाइलवर दिसतो तो मात्र हा आकडा नसतो. तो निर्देशांक असतो, कणांचं वजन एका ठरवलेल्या पट्टीवर बसवून काढलेला. आणि पट्ट्या देशोदेशी वेगळ्या आहेत. भाच्याच्या अॅपची पट्टी अमेरिकेची होती. तिच्यावर ११२ म्हणजे घनमीटरला साधारण ४० मायक्रोग्रॅम. हेच ४० आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पट्टीवर ठेवले तर निर्देशांक येतो ६६ च्या आसपास, आणि त्या रकान्याचं नाव आहे ‘समाधानकारक’. हवा तीच, दिवस तोच. एकीकडे नारिंगी रंग, दुसरीकडे हिरवा. शिवाय आपला अधिकृत निर्देशांक कणांच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात, तर बरीच अॅप त्या-त्या तासाचा आकडा दाखवतात. म्हणून अॅप बघायचंच असेल तर निर्देशांक बाजूला ठेवून पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम शोधा. पुढे मी आकडा म्हणेन तिथे मायक्रोग्रॅमच समजा.

मर्यादा किती? २००९ पासून भारतात पीएम २.५ ची वर्षाची मर्यादा ४० आहे आणि एका दिवसाची ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली वर्षाची शिफारस १० वरून ५ वर आणली. या दोन आकड्यांतलं अंतर ध्यानात ठेवा.

आता गणपती आणि शिमगा. जूनमध्ये वारा नैर्ऋत्येकडून लागतो. हजारो किलोमीटर तो नुसत्या पाण्यावरून आलेला असतो. वाटेत ना चूल, ना डंपर, ना धुराडं. म्हणजे येणारी हवाच मुळात नवी. त्यात जमीन भिजलेली, एसटी गेली तरी लाल धूळ उठत नाही. पातेरा ओला, गवत हिरवं, त्यामुळे बाहेर काही पेटत नाही. आणि वर पाऊस.

पाऊस हवा धुतो असं आपण म्हणतो, पण तो दोन तऱ्हांनी धुतो. पडणारा थेंब वाटेतल्या जाड्या कणांवर आपटून त्यांना खाली आणतो. बारीक कण मात्र थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतात, होडीच्या नाळेपुढून पाण्यावरचं पान सरकावं तसे. मग ते जातात कसे? ढगातून. ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या ना कुठल्या बारीक कणाभोवतीच धरलेला असतो. तो ढग बरसला की कण थेंबाच्या पोटातून जमिनीवर येतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. एवढ्या वेळा हवा गाळून निघाल्यावर गणपतीत पाऊस उघडला की पलीकडच्या डोंगरावरची झाडंही मोजता येतात.

त्या दिवसांतही आकडा शून्यावर मात्र येत नाही. खवळलेल्या समुद्राच्या फेसातून मिठाचे कण उडतात आणि मोजणीत तेही धरले जातात. किनाऱ्याजवळच्या घरांत खिडकीच्या गजांवर जो चिकट खारा थर बसतो, तो याच मिठाचा. बहुतेक मीठ जाड्या कणांत असतं. किनाऱ्यालगत भर पावसाळ्यात पीएम १० चढलेलं दिसलं तर आधी समुद्राकडे बघावं.

नोव्हेंबरपासून चक्र उलटं फिरतं. वारा जमिनीकडून येऊ लागतो, घाटावरून खाली उतरतो, आणि येताना देशावरचा धूर-धूळ घेऊन येतो. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी जहाजं आणि विमानं घेऊन हिंदी महासागरावरच्या हवेची मोजणी केली. उपखंडातून निघालेलं तपकिरी धुरकं समुद्रावर हजार किलोमीटरहून लांब पसरलेलं त्यांना आढळलं. त्यातलं काही कोकणाच्या डोक्यावरूनच गेलेलं असणार. उलट दिशेनेही पाहुणे येतात. २०२२ च्या २२-२३ जानेवारीला पाकिस्तान-गुजरातच्या बाजूने आलेल्या वाळवंटी धुळीने मुंबई आणि आसपासचा किनारा झाकोळून टाकला होता, गाड्यांवर पांढरी पूड बसली होती. असा एक दिवस महिन्याची सरासरी वर ओढतो आणि त्यात आपल्या गावातल्या कुणाचाच हात नसतो.

गावातला धूरही याच दिवसांत अडकतो. जानेवारीत सकाळी साडेसहाला आमच्या पाखाडीच्या वरच्या टोकाला उभं राहिलं की ते डोळ्यांना दिसतं. खाली वाडीतल्या वीस-बावीस घरांच्या न्हाण्या पेटलेल्या असतात, आंघोळीचं पाणी तापत असतं. प्रत्येक घरामागून धुराची एक दोरी सरळ वर चढते, माडाच्या शेंड्यापर्यंत जाते आणि वर छप्पर लागल्यासारखी तिथे आडवी होते. मग सगळ्या घरांचा धूर एकमेकांत मिसळून खाडीवर निळसर पट्टा धरतो. ते छप्पर खरंच असतं. रात्रभर जमीन थंड झाल्यामुळे तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. इथे उलटं होतं, आणि गार हवा उबदार थर भेदून वर जाऊ शकत नाही. नऊ-दहाला ऊन तापलं की छप्पर मोडतं आणि पट्टा विरतो.

दुपारी खारे वारे सुटतात. “समोर समुद्र आहे” म्हणणाऱ्यांचा भरवसा त्यांच्यावर असतो. पण रात्री मतलई वाऱ्याने जो धूर समुद्रावर नेलेला असतो, तो तिथेच लटकत राहतो, आणि दुपारचा खारा वारा त्यातला काही परत आपल्या दारात आणून सोडतो.

म्हणून भाच्याला म्हटलं, शिमग्याची तुलना मागच्या शिमग्याशी कर, जमल्यास दहा वर्षांपूर्वीच्या शिमग्याशी कर. गणपतीशी करून काही कळायचं नाही.

आता मुद्द्यावर येते. हवेचा दर्जा सांगताना सरकारी तक्त्यात वर्षाची सरासरी असते, आणि कोकणात ही सरासरीच माणसाला फसवते. एक हिशोब मांडू. पुढचे आकडे नुसते समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या गावचे मोजलेले नाहीत. समजा पावसाच्या चार महिन्यांत हवा १२ आणि कोरड्या आठ महिन्यांत ३८. वर्षाची सरासरी येते २९. दहा वर्षांनी पावसाळा तसाच १२ वर आहे, पण कोरडे महिने ४६ वर गेलेत. सरासरी येते ३५ च्या जरा खाली. दोन्ही वेळा आपण ४० च्या आत, दोन्ही वेळा तक्त्यात गाव पास. प्रत्यक्षात वर्षातले आठ महिने माणसं ४६ ची हवा ओढतायत. म्हणजे पावसाने धुतलेली चार महिन्यांची हवा उरलेल्या आठ महिन्यांचं पाप झाकते. घाटापलीकडच्या कमी पावसाच्या गावाला ही सवलत मिळत नाही, म्हणून तिथला आकडा आपल्याहून वाईट दिसतो आणि आपण निर्धास्त राहतो.

याच हिशोबात आणखी एक खोच आहे. पाऊस लांबला आणि ऑक्टोबरही धुऊन निघाला तर? पाच महिने १२, सात महिने ४६. सरासरी ३२ च्या खाली येते. एका चुलीचाही धूर कमी झाला नाही, एकही डंपर थांबला नाही, तरी त्या वर्षी हवा सुधारली असा मथळा करता येईल. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर परतला की तोच आकडा परत वर जाणार, आणि हवा बिघडली म्हणून ओरड होणार. दोन्ही खोटं. माझं स्पष्ट मत आहे की कोकणापुरती नोव्हेंबर ते एप्रिलची सरासरी वेगळी काढायला हवी आणि तीच दरवर्षी शेजारी शेजारी ठेवायला हवी. वळवाचा मे आणि लांबणारा ऑक्टोबर दोन्ही त्यातून वगळावेत.

असे दहा वर्षांचे दहा आकडे हाती आले की कल कसा काढायचा? पहिलं वर्ष आणि शेवटचं वर्ष घेऊन वजाबाकी करणं ही सर्रास होणारी चूक. पहिल्या वर्षी धुळीचं वादळ आलेलं असेल तर सगळं गणित हुकतं. शास्त्रज्ञ एक साधी युक्ती वापरतात. दहा वर्षांतल्या प्रत्येक दोन वर्षांची जोडी लावायची. अशा ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत दरवर्षी किती वाढ किंवा घट झाली ते काढायचं, ती ४५ उत्तरं लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची आणि बरोबर मधलं, म्हणजे २३ वं, उचलायचं. एखादं विक्षिप्त वर्ष असलं तरी ते टोकाला जाऊन पडतं, मधल्या उत्तराला ते हलवू शकत नाही. बारावीच्या मुलांकडून मी हे वहीवर करून घेते. तासाभरात होतं.

अडचण गणिताची नाही. अडचण अशी की ग्रामीण कोकणात हे दहा आकडे असतात कुठे?

हवा मोजायची जुनी आणि विश्वासाची रीत म्हणजे गाळणकागद. पंप मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा ओढतो, ती काचतंतूंच्या कागदातून जाते, कण कागदावर अडकतात. आधी कोऱ्या कागदाचं वजन, मग मळलेल्या कागदाचं. आठ तासांत पाचशे घनमीटर हवा गेली आणि पीएम १० असेल ६०, तर कागदावर धूळ साचते ३० मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याचं वजन वीस-पंचवीस मिलिग्रॅम असतं. म्हणजे पाचशे घनमीटर हवेतून दाणा-सव्वा दाणा धूळ वेचून तिचं अचूक वजन करायचं. कागदाने हवेतला ओलावा धरला तरी हिशोब चुकतो, म्हणून वजनाआधी तो ठरावीक ओलाव्याच्या खोलीत ठेवतात. हवा मोजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अशी मोजणी आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस व्हावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे सगळं नीट झालं तरी वर्षातले २६१ दिवस मोजलेलेच नसतात. भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायचा, नेमका दिवस त्या २६१ मध्ये गेला की तो धूर कागदोपत्री झालाच नाही.

शिवाय मोजणीची ही केंद्रं शहरांभोवती आणि औद्योगिक वसाहतींभोवती जास्त. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातली सुमारे १३० शहरं आहेत, महाराष्ट्रातली १९. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार, उल्हासनगर, बदलापूर ही उत्तर कोकणातली नावं त्यात आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातलं एकही नाही. यादी मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांची, म्हणून आपण त्यात नाही, असं म्हणता येईल. पण जिथे मोजलंच नाही तिथे मर्यादा ओलांडली की नाही हे कोण सांगणार?

मग अॅप आमच्या गावाचा आकडा देतं तो कुठून? बहुतेकदा तो अंदाज असतो. उपग्रह, वाऱ्याची गणितं आणि लांबचं एखादं केंद्र यांची मोट बांधून काढलेला. उपग्रहाला कमी लेखू नका. नासाचा टेरा १९९९ च्या डिसेंबरात वर गेला, अॅक्वा २००२ मध्ये. आकाशातल्या कणांनी सूर्यप्रकाश किती अडवला आणि विखुरला यावरून ते धुरक्याचा दाटपणा ओळखतात. पाव शतकाची सलग नोंद खेड्यापाड्यांसकट आणखी कुणाकडेच नाही. त्या नोंदींत भारतावरचं कोरड्या महिन्यांतलं धुरकं २००० नंतरच्या पहिल्या दीड दशकात वाढत गेलेलं दिसतं. उणीव एवढीच की उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतचा अख्खा थर बघतो, नाकापाशी किती आहे ते गणिताने काढावं लागतं. आणि ढग आले की त्याला काही दिसत नाही. पावसाळाभर कोकण त्याच्या नजरेआड असतं.

आता काही ठिकाणी स्वस्तात मिळणारी लेझरची यंत्रं लावतात. उत्साह चांगला आहे, पण कोकणात त्यांच्यापासून सावध राहायला हवं. हे यंत्र कणाचं वजन करत नाही, त्याच्यावरून परतलेला प्रकाश मोजतं. दमट हवेत मिठाचा, धुराचा कण पाणी पिऊन फुगतो, प्रकाश जास्त परततो, आणि यंत्राला वाटतं धूर वाढला. धुक्याच्या सकाळी ते भलताच आकडा दाखवतं. ओलाव्याची नोंद शेजारी ठेवून दुरुस्ती केली नाही तर असे आकडे कुणाला दाखवू नयेत.

एवढं सगळं समजून घेतल्यावर मग विचारता येतं की पंचवीस वर्षांत इथे नेमकं काय बदललं. काही गोष्टी चांगल्या झाल्या. २००० मध्ये पेट्रोलमधलं शिसं गेलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर उतरलं. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण धावू लागली ती डिझेलवर. २०२२ मध्ये रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचे ७४१ किलोमीटर विजेवर आले. बोगद्याच्या तोंडाशी घर असलेल्या माणसाला विचारा हा फरक केवढा आहे.

उलट बाजूला गाड्यांची संख्या, चिऱ्याच्या खाणी, खडीचे क्रशर, आणि २०११ पासून रखडत चाललेलं मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण. बारीक कणांपेक्षा यातून जाडी धूळ जास्त उडते. ती रस्त्याकडेच्या आंब्याच्या पानांवर बसते, लांब जात नाही. कोळशाच्या धुराड्यांचं वेगळं आहे. जयगडचा १२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प २०१०-११ मध्ये सुरू झाला. धुराड्याची राख पकडणारी यंत्रणा असते, पण कोळशातलं गंधक वायू होऊन बाहेर पडतं, आणि हा वायू हवेत काही तासांत, काही दिवसांत सल्फेटचे बारीक कण बनतो. म्हणजे कण धुराड्यातून निघतच नाही, तो शंभर-दोनशे किलोमीटर वाटेत तयार होतो. म्हणून धुराड्याच्या पायथ्याला मोजून सगळं कळत नाही. देशभरातल्या कोळसा प्रकल्पांच्या गंधकवायूवर डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली गेली, तिची मुदत अनेकदा पुढे ढकलली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक प्रकल्पांना सूट दिली गेली. हा निर्णय मला मुळीच पटलेला नाही. हिवाळ्यात देशावरून आपल्याकडे उतरणाऱ्या धुरक्यात सल्फेटचा वाटा मोठा असतो, आणि तो गावाने कितीही चुली विझवल्या तरी कमी होणार नाही.

रोहा-धाटाव, महाड, लोटे-परशुराम इथल्या रासायनिक वसाहतींजवळच्या लोकांना एक सांगायला हवं. तुमच्याकडे रात्री येतो तो उग्र वास बहुतेकदा या आकड्यांत दिसणारच नाही. आपल्या निर्देशांकात आठच घटक आहेत: दोन तऱ्हांचे कण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. रासायनिक वसाहतीतल्या बहुतेक वासांचे वायू त्यात येत नाहीत. निर्देशांक हिरवा आहे म्हणून तुमची तक्रार खोटी ठरत नाही. त्या वायूंची मोजणी वेगळी मागावी लागते.

आता चूल. सगळ्यात जास्त बोलायचं ते हिच्याबद्दल, कारण भारतात बारीक कणांचा सगळ्यात मोठा एकेरी स्रोत घराघरांतलं जळण आहे, आणि हा धूर धुराड्यासारखा उंचावर न सुटता थेट नाकापाशी सुटतो. आमची आई पन्नास वर्षं चुलीपुढे बसली. शेवटच्या वर्षांत चार पायऱ्या चढली तरी थांबून श्वास घ्यायची. दवाखान्यात तिला पहिला प्रश्न विचारला गेला, “आजी, मिश्री, विडी काही होतं का?” तिने आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. फुंकणीने फुंकताना तोंड जाळापासून वीतभर अंतरावर असतं. त्या जागी हवेत शेकडो मायक्रोग्रॅम कण असतात, कधी हजाराच्या वर. बाहेर उभ्या असलेल्या यंत्राला त्यातला एक अंशही दिसत नाही.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या वाडीतही शेगड्या आल्या. चहा, भात, कालवण गॅसवर होऊ लागलं. हा खरा बदल आहे आणि मी तो डोळ्यांनी पाहिलाय. पण न्हाणी चुलीवरच राहिली. सिलिंडर पैशांचा, आणि परसात सोडणं, झावळ्या, काजूच्या फांद्या फुकट पडलेल्या. नारळाचं सोडण ओलसर असलं की धुमसतं आणि धुमसणाऱ्या जाळातून बारीक कण जास्त निघतात. तेव्हा घरात गॅस आहे का, असं विचारून सर्वेक्षण संपवू नये. पाणी कशावर तापतं, ते विचारावं. जानेवारीतला तो निळा पट्टा न्हाणीचा आहे.

भाजावळीबद्दल बोलताना मन जड होतं, कारण ती करणारी माणसं आपलीच आहेत आणि विनाकारण करत नाहीत. तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जमिनीवर शेण, कवळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा, माती असे थर देऊन मार्च ते मेमध्ये भाजलं की तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, रोप जोमदार येतं. ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, त्यामुळे दीर्घकालीन वाढ तिच्या माथी मारता येणार नाही. पण सगळ्या वाड्यांची भाजावळ त्याच काही आठवड्यांत येते, आणि अलीकडे त्या जाळात प्लास्टिकच्या पिशव्या, वेष्टनं, खताच्या गोण्याही जातात. हे नवं आहे आणि हे लगेच थांबवता येण्यासारखं आहे. कृषी खातं राब न भाजता गादीवाफ्यावर रोपं करायला सांगतं. आमच्याकडे दोन घरांनी ते केलं. तण काढायला माणूस जास्त लागला, रोपं चांगली आली. मजुरीचा तो खर्च कुणी उचलला तर आणखी घरं वळतील असं मला वाटतं.

केंद्र येईल तेव्हा येईल. तोवर शाळेतली मुलं आणि मी एक नोंद ठेवतो. रोज सकाळी आठला सड्यावरच्या ठरलेल्या दगडावर उभं राहायचं आणि चार खुणा बघायच्या: दोनशे मीटरवरचं वडाचं झाड, दीड किलोमीटरवरचा देवळाचा कळस, चार किलोमीटरवरचा मोबाइलचा मनोरा आणि लांबवरची सह्याद्रीची रांग. कुठली दिसते, कुठली नाही, तेवढंच लिहायचं. शेजारी ओल्या आणि कोरड्या थर्मामीटरचे आकडे, म्हणजे धुकं आणि धुरकं वेगळं काढता येतं: हवा दमट असताना दिसत नसेल तर धुकं, कोरडी असताना दिसत नसेल तर धुरकं. भाजावळीचे आणि वणव्याचे दिवस लाल शाईने. तीन हंगाम झालेत. कल म्हणायला ते पुरत नाहीत, म्हणून मी अजून त्यातून काहीच काढलेलं नाही. नववीतली एक मुलगी सध्या वही सांभाळते; पुढच्या वर्षी ती दहावीला जाईल म्हणून आठवीतल्या मुलाला शिकवून ठेवतेय. यंदाच्या नोव्हेंबरातली तिच्या हातची पहिली ओळ आहे: “झाड दिसते. कळस दिसतो. मनोरा पुसट. डोंगर नाही. हवा कोरडी.”